व्हिडिओतला तो माणूस विरोधी पक्षनेताच होता

सकाळी चहा घेताना आमच्या जुन्या भूतान ट्रिपच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. घो (भूतानी पुरुषांचा पारंपरिक झगा) घातलेला, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस सांगतोय, आमचा देश जेवढा कार्बन सोडतो त्याहून जास्त आमची जंगलं शोषून घेतात. 2016 चं भाषण आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. मला ते मनापासून आवडतं. पण खाली लिहिलं होतं, "हा देश सुखी आहे, कारण इथे विरोधक नावाची कटकट नाही." आणि त्यावर धडाधड अंगठे.

डोकंच फिरलं माझं. अरे, हा माणूस कोण आहे ते तरी बघा! शेरिंग तोबगे. लोकशाही आल्यावर भूतानचा पहिला विरोधी पक्षनेता. ज्याला तुम्ही कटकट म्हणताय ना, ती त्याने पाच वर्षं केली. पंतप्रधान तो नंतर झाला.

ट्रिपला बरोबर आलेल्यांना आठवत असेल, 2011 चा मे महिना होता. सीमेवरच्या फुन्शोलिंगहून थिंफूला जाताना दोन गाड्या केल्या होत्या, मी मागच्या आल्टोत होते. आमचा ड्रायव्हर डोमा, म्हणजे तिथलं पान-सुपारी, चघळत होता, ओठ लालभडक. छुझोमला दोन नद्या मिळतात, तिथे त्याने गाडी थांबवली. काठावर तीन स्तूप आहेत, तिन्ही वेगळ्या घडणीचे. आम्ही फोटो काढत होतो आणि तो 'हा' नावाच्या जिल्ह्याकडे जाणारा रस्ता बोटाने दाखवत म्हणाला, "मैडम, हमारा विरोधी नेता उधर का है. दो ही आदमी था, लेकिन सरकार को कोर्ट ले गया."

दोघंच! मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं.

चुकलं नव्हतं. 2008 च्या पहिल्या निवडणुकीत 47 पैकी 45 जागा एका पक्षाला. तोबगेच्या पक्षाला मतं जवळजवळ एक तृतीयांश, जागा दोन. पक्षाचे अध्यक्ष स्वतःच पडले. सरकारी नोकरी सोडून राजकारणात आलेला हा इंजिनिअर त्या दोघांतला एक. समोर 45 जण बसलेले असताना रोज सभागृहात जाऊन उभं राहायचं, घरी येऊन ब्लॉगवर लिहायचं, लोकांना उत्तरं द्यायची. दोन माणसांनी! आपण सोसायटीच्या मीटिंगमध्ये चार जण विरोधात दिसले की गप्प बसतो.

मग 2010 मध्ये सरकारने गाड्यांवरचा कर वाढवला, संसदेला न विचारता. राज्यघटनेत साफ लिहिलंय की कायद्याशिवाय कर लावायचा नाही, बदलायचाही नाही. विरोधी पक्ष हायकोर्टात गेला. नव्या राज्यघटनेखालचा हा पहिलाच खटला, आणि हे दोघं जिंकले. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथेही फेब्रुवारी 2011 मध्ये हरलं. आमच्या ड्रायव्हरने हे सगळं मला छुझोमच्या पुलाजवळ सांगितलं तेव्हा निकालाला तीन महिनेही झाले नव्हते. त्याला स्वतःची गाडी घ्यायची होती, आल्टो मालकाची होती. पण करापेक्षा त्याला अप्रूप वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. "पूछ सकते हैं," असं तो दोनदा म्हणाला. विचारता येतं.

बरं, मान्य आहे, तिथे लोकशाही राजाने स्वतःहून दिली, कुणी रक्त सांडून घेतली नाही, आणि राजाचा शब्द आजही मोठा आहे. तरी कोर्टाची पायरी चढायला कुणीतरी लागतंच ना?

2013 मध्ये तोबगेच्या त्याच पक्षाने 47 पैकी 32 जागा जिंकल्या. इथे मला आपलीच लाज वाटते. ऐन मतदानाच्या तोंडावर भारताने भूतानची गॅस आणि रॉकेलची सबसिडी बंद केली, आणि त्याचा फटका तेव्हाच्या सरकारला बसला असं आजही बोललं जातं. शेजारच्या घरातली चूल अशी विझवायची नसते. तोबगेला त्याचा फायदा झाला असेल, नाही म्हणत नाही. पण त्याआधीची पाच वर्षं कुणी फुकट दिली नव्हती त्याला.

सगळं गोड आहे असंही नाही. तरुण पोरं भराभरा ऑस्ट्रेलियाला निघालीत. नव्वदच्या दशकात देश सोडावा लागलेल्या नेपाळी भाषिकांचा प्रश्न लोंबकळतोच आहे, त्याबाबत याच माणसाकडून माझी जास्त अपेक्षा होती.

आता लिहिता लिहिता राग थोडा निवळलाय, म्हणून हेही सांगते. 2018 मध्ये पंतप्रधान असताना तो पहिल्याच फेरीत हरला. त्याचा पक्ष तिसरा आला, आणि तिथे पुढच्या फेरीत दोनच पक्ष जातात. म्हणजे विरोधी बाकसुद्धा नाही. त्याने निकाल मान्य केला आणि बाजूला झाला. जानेवारी 2024 मध्ये 47 पैकी 30 जागा घेऊन परत आला. त्या निवडणुकीत समोर 17 जणांचा विरोधी पक्ष निवडून आला. दोनाचे सतरा झालेत. मला या आकड्याचा त्याच्या 30 पेक्षा जास्त आनंद आहे, खरंच.

त्या ड्रायव्हरने तेव्हा गाडी घेतली का, मला माहीत नाही. नंबर घ्यायचा राहून गेला.

ग्रुपवर मी वाद घातला नाही. जुन्या हार्ड डिस्कमधून छुझोमचा फोटो शोधून टाकला. मागे तीन स्तूप, पुढे लाल ओठांनी हसणारा तो, आणि त्याचं बोट 'हा'च्या रस्त्याकडे. खाली लिहिलं, व्हिडिओतला माणूस याच रस्त्याने आलाय, विरोधी पक्षनेता होऊन.