‘चोखियाची महारी’ आणि तिचा मुलगा

‘अवघा रंग एक झाला’ लहानपणापासून ऐकतेय, पाठच आहे, पण तो सोयराबाईंचा आहे हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं. शेवटच्या ओळीत स्वच्छ सांगितलंय की, ‘म्हणे चोखियाची महारी’. इतक्या वेळा ऐकूनही ती बाई कोण असं कधी मनातच आलं नाही, याचं आज वाईट वाटतं.

एका घरात पाच संतकवी! चोखोबा, बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका. आणि आपल्याला शिकवलं काय, तर चोखोबा भोळे होते, देवळाच्या बाहेर उभं राहून विठ्ठलाला हाक मारायचे, विषय संपला. अहो पण ते बाहेर का उभे होते? आत येऊच देत नव्हते ना! 1338 मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना कूस कोसळली आणि त्याखाली गेले ते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि समाधी बांधली ती महाद्वाराशी, म्हणजे तेव्हाही बाहेरच.

सोयराबाई तर सरळ विचारतात, देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा झाला तो कोण? विटाळाशिवाय जगात एक तरी देह तयार झालाय का? चौदाव्या शतकात, महार घरातली बाई, कुठे शाळा नाही काही नाही, आणि पाळी-बाळंतपणाला अपवित्र म्हणणाऱ्या अख्ख्या सोवळ्याची हवाच काढून घेते. आजही कितीतरी घरात त्या चार दिवसांत देवघराकडे फिरकू देत नाहीत, त्यांनी हा अभंग एकदा वाचावाच.

पण मला सगळ्यात जास्त हलवतो तो कर्ममेळा. बापाने सोसलेलं बघत मोठा झालेला मुलगा तो, त्याला नुसत्या नामाने समाधान नाही, तो देवालाच धरतो. ‘जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता’. आणि शेवटी, ‘कासया जन्म दिला मला’. ही भक्तीच आहे हो, आपल्या माणसावरच इतकं चिडता येतं. पण आजवर ऐकलेल्या एकाही कीर्तनात हा अभंग मी ऐकला नाही, चोखोबांचा ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ मात्र हमखास असतो.

त्या देवळाचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषणाला बसावं लागलं. चोखोबा गेल्यानंतर सहाशे नऊ वर्षांनी! तोपर्यंत दरवर्षी वारी होत होती आणि चोखोबांचे अभंगही म्हटले जात होते.

कुणी कीर्तनकार वाचत असतील तर हात जोडून विनंती, यंदा कर्ममेळ्याचा एक अभंग निरूपणाला घ्या, मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.