डूमचा पोर्ट पारखायचा तर राक्षसांची पाठ दिसते का ते बघा

डूम या राक्षसांना गोळ्या घालत पळायच्या जुन्या गेमच्या वेगवेगळ्या व्हर्जनची तुलना करणाऱ्या व्हिडिओंचा नुसता पूर आलाय. स्क्रीनचे चार तुकडे, चारांत तीच पहिली लेव्हल, कोपऱ्यात फ्रेम रेटचा आकडा आणि शेवटी नंबर. मीही बघतो, नाही असं नाही. पण रिकाम्या कॉरिडॉरमधून पळत भिंतीवरचे पिक्सेल मोजून कुठला पोर्ट (म्हणजे दुसऱ्या मशीनवर चालेल असा करून घेतलेला गेम) चांगला हे कसं कळणार?

मी पोर्ट हातात घेतला की आधी एकच तपासतो. इथे राक्षसांची आपसात जुंपवता येते का?

ज्यांनी खेळलाय त्यांना कळलं असेल. खोलीत तीन-चार इम्प (आगीचे गोळे फेकणारे राक्षस), मध्ये दोन पिंकी (अंगावर येऊन चावणारे) आणि शॉटगनला जेमतेम चार काडतुसं. अशा वेळी गोळी झाडायचीच नाही. इम्प आणि आपण यांच्या मध्ये पिंकी येईल असं बाजूबाजूने सरकत राहायचं. इम्पने फेकलेला आगीचा गोळा पिंकीच्या पाठीत बसतो, पिंकी गर्रकन वळते आणि ज्याने फेकला त्याच्यावरच धावून जाते. काडी टाकून आपण मोकळे. यातही बारकावे आहेत. इम्पचा गोळा दुसऱ्या इम्पला इजा करत नाही. बंदूकवाल्या सैनिकांचं मात्र तसं नाही, एकाची गोळी दुसऱ्याला चुकून लागली तरी दोघं एकमेकांच्या जिवावर उठतात.

हे जमायला पळण्याचा वेग शाबूत हवा आणि कोण कुणाकडे तोंड करून उभा आहे ते दिसायला हवं. मूळ गेममध्ये राक्षस आठ दिशांनी काढलेत ते हौस म्हणून नाही.

आता ‘पीसीवरचा डूम तो खरा’ असं म्हणणाऱ्यांना आधी विचारतो, कुठला पीसी? १० डिसेंबर १९९३ ला गेम आला तेव्हा ३८६ आणि चार एमबी रॅमवर तो चालायचा, पण चालायचा म्हणजे सरपटायचा. एफ-५ दाबून डिटेल कमी करायचं, वजाच्या बटणाने चित्र आक्रसत न्यायचं, तेव्हा कुठे हालचाल सुसह्य व्हायची. ३५ फ्रेमची जी कमाल मर्यादा आज सगळे ‘ओरिजिनल स्पीड’ म्हणून सांगतात, तिथवर पोचायला चांगलं दणकट मशीन लागायचं. संगीताचंही तेच. गेमचा संगीतकार बॉबी प्रिन्स, त्याच्या त्याच धून साध्या साउंड ब्लास्टर कार्डावर एक वाजतात आणि रोलँडच्या एससी-५५ या संगीत-यंत्रावर भलत्याच. म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते मूळसुद्धा घरागणिक वेगळं होतं.

कन्सोलवर डूम आधी पोचला तो अटारीच्या जॅग्वारवर आणि सेगाच्या ३२एक्सवर, दोन्हींवर १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये. जॅग्वारचा पोर्ट मूळ गेमचा मुख्य प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याने स्वतः केला आणि ते जाणवतं. चित्र पूर्ण स्क्रीनभर, हालचाल नितळ, कंट्रोलरवरच्या आकड्यांनी थेट हत्यार बदलता येतं. खेळताना संगीत मात्र नाही, कारण ज्या चिपने ते वाजवायचं तिला चित्र काढण्याच्या आकडेमोडीला जुंपलेलं. लोक यावरून नाकं मुरडतात. मला उलट ती शांतता आवडते, दाराआडचं गुरगुरणं नीट ऐकू येतं. मेमरीसाठी नकाशे सोपे केले तेही याच पोर्टसाठी, आणि पुढच्या बऱ्याच कन्सोलनी तेच छाटलेले नकाशे उचलले.

३२एक्सबद्दल फार बोलायला नको. सतराच लेव्हल, चित्राभोवती जाडजूड चौकट, संगीत कानावर अत्याचार. सगळ्यात वाईट म्हणजे राक्षसांना पाठच नाही! कुठूनही बघा, तुमच्याकडेच तोंड. घाईत गुंडाळलेलं काम लपत नाही.

सुपर निन्टेन्डोलाही हाच आजार आहे. तरी त्याच्यावर मला रागावता येत नाही. रँडी लिंडेनने मूळ सोर्स कोड हातात नसताना स्वतःचं इंजिन लिहिलं, कार्ट्रिजमध्ये सुपर एफएक्स २ चिप बसवली आणि १९९५ मध्ये या कन्सोलवर डूम उभा केला. जमिनीला आणि छताला टेक्श्चर (पृष्ठभागावरचं चित्र) नाही, सपाट रंग. सेव्ह नाही. चित्र इतकं भरड की लांबचा इम्प आणि भिंतीवरचा डाग सारखेच दिसतात. आणि राक्षस कायम तुमच्याकडे बघत असल्यामुळे त्यांच्यात भांडण लावून देणं विसरा. इंजिनिअरिंग म्हणून मी त्याच्या पाया पडेन. संध्याकाळी खेळायला म्हणून लावणार नाही.

मग येतो प्लेस्टेशन, १९९५ चाच. माझ्या मते कन्सोलवरचा सगळ्यात मोठा डूम हाच. तो मूळाशी अगदी प्रामाणिक आहे म्हणून नव्हे, उलट त्यांनी बरंच बदललं. बॉबी प्रिन्सचं संगीत काढून ऑब्री हॉजेसने घोंघावणारे, कुजबुजणारे आवाज भरले, त्यात कुठे लहान मुलांचं रडणं. भिंतींवर रंगीत उजेड आला, काही लेव्हलमध्ये आभाळच पेटलेलं. पहिला भाग, दुसरा भाग आणि काही नव्या अशा ५९ लेव्हल एकाच डिस्कवर. आर्चव्हाइल हा राक्षस गेला, कारण त्याच्या हालचालींची चित्रं इतकी की मेमरीला झेपेना. पण राक्षसांना पाठ आहे, ते आपसात भिडतात आणि तुम्ही मनासारखे पळू शकता. बाकीच्या बदलांवर वाद घाला, खेळाचा गाभा जागेवर आहे.

याच प्लेस्टेशनशेजारी सेगाचा सॅटर्न ठेवला की खरी गंमत कळते. त्या काळच्या या दोन्ही कन्सोलवर एक दुखणं होतं. मोठी सपाट भिंत एका झटक्यात काढली तर जवळ जाताच तिच्यावरचं टेक्श्चर वाकडंतिकडं वाहायला लागायचं. प्लेस्टेशनवाल्यांनी तोडगा काढला, भिंत एकेक पिक्सेल रुंदीच्या उभ्या पट्ट्यांत आणि जमीन तशाच आडव्या पट्ट्यांत कापून ग्राफिक्स चिपकडे द्यायची. वाकडेपणा गेला, वेगही राहिला. सॅटर्नवर जिम बॅगलीने हार्डवेअर वापरून पळणारं इंजिन करून दाखवलं होतं, पण टेक्श्चर वाकतं म्हणून कारमॅकने ते नाकारलं. मग सगळा भार प्रोसेसरवर पडला आणि १९९७ मध्ये जो गेम बाहेर आला तो गर्दी दिसताच चिखलात रुतल्यासारखा चालतो. कारमॅकने पुढे कबूल केलं की त्या माणसाला प्रयोग करू द्यायला हवा होता. भिंती सरळ दिसाव्यात म्हणून पळणं घालवलं. स्क्रीनशॉट छान येतो, खेळ मेला. फ्रेम रेटला मी एवढंच मानतो, गोळा चुकवता येण्याइतका असला की पुरे. इथे तेवढाही नाही.

३डीओ या कन्सोलवरचा डूम ऐकायला घ्या, खेळायला नको. रेबेका हाइनमनने जेमतेम अडीच महिन्यांत तो एकटीने उभा केला, कारण प्रकाशकाने ‘जवळजवळ तयार’ म्हटलेलं काम प्रत्यक्षात सुरूच झालं नव्हतं. खरीखुरी गिटार वाजवून रेकॉर्ड केलेलं संगीत झकास. चित्र मात्र रखडत जातं.

गेम बॉय ॲडव्हान्सवर रक्त हिरवं केलं म्हणून २००१ पासून लोक हसतायत. हसू द्या. खिशातल्या मशीनवर खांद्याच्या बटणांनी बाजूला सरकत इम्पला चकवता येतं, माझ्या हिशोबात तो सुपर निन्टेन्डोच्या वर.

आणि आजची व्हर्जन? २०१९ चा पोर्ट आला तेव्हा लॉगिनच्या सक्तीवरून बोंबाबोंब झाली, चित्राचं प्रमाणही चुकलेलं. पुढच्या अपडेटमध्ये बरंच सुधारलं. प्रमाणाचं ऐकून ठेवा: ३२० बाय २०० चं चित्र जुन्या ४:३ मॉनिटरवर उभं ताणलं जायचं, आणि चित्रकारांनी राक्षस ते ताणलेले धरूनच काढले. ते न ताणता दाखवलं की सगळे बुटके, फुगीर दिसतात. २०२४ चं व्हर्जन आता सरळ घ्यावं असं आहे. पीसीवर मात्र मी मूळ गेम जसाच्या तसा चालवणारा चॉकलेट डूमच लावतो, जुन्या चुकांसकट. जीझेडडूम या नव्या सोयी घातलेल्या इंजिनमध्ये माऊसने वरखाली बघणं आणि उडी मारणं सुरू करून ‘डूम सोपा आहे’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, ते दुसराच गेम खेळतायत.

कमेंटमध्ये कोणीतरी निन्टेन्डो ६४ चं नाव काढणारच, म्हणून आधीच सांगतो. डूम ६४ हा पोर्ट नाही. त्याच्या लेव्हल वेगळ्या, राक्षसांची चित्रं नव्याने केलेली. तो अफाट आहे, पण त्याला या रांगेत उभा करून कोणाला हरवू नका.