रस्त्यावरच्या पंक मुलांचे केस आणि इंडोनेशियाचे सरकार

पंक म्हणजे वेगवान, कर्कश, बंडखोर रॉक संगीत आणि त्याभोवती उभी राहिलेली राहणी. इंडोनेशियातील रस्त्यावरच्या पंक मुलांविषयी आपल्यापर्यंत जे पोहोचते, ते बहुधा छायाचित्रांतूनच पोहोचते. कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे केलेले केस, ओठांत आणि कानांत अडकवलेल्या कड्या, ठिगळे व खिळे लावलेले काळे जाकीट आणि हातात युकुलेले, म्हणजे गिटारसारखे छोटेसे तंतुवाद्य. बालीला जाऊन आलेल्या आपल्या परिचितांच्या अल्बममध्ये ही मुले सहसा सापडत नाहीत. ती भेटतात जकार्ताच्या सिग्नलवर, उड्डाणपुलाखाली, बसथांब्यांवर आणि जावा बेटाच्या महामार्गांवर धावणाऱ्या ट्रकांच्या हौद्यात. त्यांची छायाचित्रे पाहून प्रतिक्रिया उमटतात त्या दोनच प्रकारच्या. काहींना ती पाश्चात्त्यांची उशिरा केलेली नक्कल वाटते, तर काहींना वाया गेलेली पिढी. मला या दोन्ही प्रतिक्रिया आळशी वाटतात. कुटुंब, रोजगार आणि स्वतःची ओळख या तीन गोष्टी ज्यांना घरातून, शाळेतून किंवा सरकारकडून मिळाल्या नाहीत, त्यांनी त्या एकमेकांकडून मिळवण्यासाठी उभारलेली ही व्यवस्था आहे, आणि तिची खूण ते अंगावर वागवतात. त्यामुळे पोलीस जेव्हा या मुलांचे केस भादरतात, तेव्हा ते काय मोडत असतात, याचा विचार करणे भाग आहे.

तरुणांच्या शरीरावरून त्यांची लायकी ठरवण्याची इंडोनेशियन राज्यसंस्थेची सवय जुनी आहे. जनरल सुहार्तो यांच्या राजवटीत, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, लांब केस ठेवणाऱ्या तरुणांविरुद्ध देशभर मोहीम चालली आणि रस्त्यात अडवून केस कापण्याचे प्रकार घडले. त्यानंतर १९८३ ते १९८५ या काळात गुन्हेगारी निपटण्याच्या नावाखाली काही हजार माणसांना कोणताही खटला न चालवता मारण्यात आले आणि अनेकांची प्रेते लोकांच्या नजरेला पडावीत अशा जागी टाकण्यात आली. त्या दिवसांत अंगावर गोंदण असणे एवढीच गोष्ट संशयाला पुरेशी होती, म्हणून लोकांनी आपले गोंदण भाजून किंवा खरवडून काढल्याच्या हकिकती सांगितल्या जातात. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात सुहार्तो यांनी या हत्यांचे समर्थनच केले. ज्या देशात एका पिढीने जीव वाचवण्यासाठी गोंदण पुसले, त्याच देशात पुढच्या पिढीतील गरीब मुले मानेवर आणि चेहऱ्यावर गोंदवून घेतात, ही गोष्ट मला केवळ फॅशन म्हणून सोडून देता येत नाही.

पंक संगीत मात्र तेथे गरिबांच्या वाटेने आले नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या दशकात जकार्ता व बांडुंग येथील मध्यमवर्गीय मुलांकडे ते परदेशी कॅसेटी आणि मासिकांतून पोहोचले. १९९६ मध्ये ग्रीन डे हा अमेरिकन बँड जकार्तात कार्यक्रम करून गेला. पुढच्याच वर्षी आशियाई आर्थिक संकट आले. डॉलरला सुमारे २,४०० असलेला रुपिया १९९८ च्या मध्यापर्यंत १६,००० च्या पलीकडे घसरला, त्या एका वर्षात अर्थव्यवस्था सुमारे १३ टक्क्यांनी आक्रसली, आणि २१ मे १९९८ रोजी सुहार्तो यांना पायउतार व्हावे लागले. कारखाने व बांधकामे बंद पडल्याने ज्यांच्या घरातील मिळकत थांबली, अशी असंख्य मुले याच काळात रस्त्यावर आली. कॅसेटी जमवणाऱ्यांचे पंक येथून पुढे सिग्नलवर गाणाऱ्यांचेही झाले.

या मुलांचा दिवस कसा चालतो, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या समाजरचनेबद्दल बोलणे व्यर्थ आहे. मुख्य उत्पन्न गाण्याचे असते. तीन-चार तारांचे स्वस्त युकुलेले, प्लॅस्टिकच्या पाइपाच्या तोंडावर टायरच्या ट्यूबचे रबर ताणून केलेला ढोल आणि टाळ्या, एवढ्या सामग्रीवर बसमध्ये किंवा खाणावळींसमोर दोन गाणी म्हणायची आणि प्लॅस्टिकचा पेला किंवा टोपी फिरवायची. जमलेले पैसे टोळीत एकत्र होतात. त्यातून भात, सिगारेटी आणि कुणी आजारी असेल तर औषध येते. आज ज्याला काहीच मिळाले नाही, तोही त्याच भातात वाटेकरी असतो. ट्रकचालकाला हात करून ही मुले सुमात्रापासून बालीपर्यंत प्रवास करतात, आणि अनोळखी शहरात उतरल्यावर तेथील पंक मुलांचा अड्डा शोधला की झोपायला जागा मिळते. कोठून आलास, कोणत्या बेटाचा, कोणत्या जमातीचा, घर का सोडलेस, या चौकशा तेथे प्रवेशाची अट नसतात. ज्या देशाच्या ओळखपत्रावर धर्माचा रकाना असतो आणि ज्या शासनव्यवस्थेत जन्मदाखला व कुटुंबपत्र नसलेला मुलगा शाळा-दवाखान्याच्या दारात अडतो, तेथे केवळ केस आणि जाकीट पाहून ‘हा आपला’ म्हणणारे लोक प्रत्येक शहरात असणे, याचे मोल ज्याच्या खिशात सर्व कागदपत्रे आहेत त्याला सहजासहजी कळणार नाही.

दक्षिण जकार्तातील तारिंग बाबी या सामूहिक घराचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या मार्जिनाल या बँडभोवती ते उभे राहिले. या बँडचे आधीचे नाव लष्करविरोधी होते, आणि ते सुहार्तो सत्तेवर असतानाच ठेवलेले होते. तेवढ्यावरून त्या मुलांच्या धाडसाची कल्पना यावी. घराच्या नावाचा अर्थ ‘डुकराचा सुळा’, आणि मुस्लिमबहुल वस्तीत या नावाने पाटी मिरवणाऱ्यांना शेजाऱ्यांनी सामावून घेतले, ही तर मला त्याहून मोठी कामगिरी वाटते. रस्त्यावरची मुले तेथे येऊन युकुलेले वाजवायला, लाकडावर कोरून ठसे काढायला आणि टी-शर्ट छापायला शिकतात, व ते विकून चार पैसे कमावतात. वर्ग, हजेरी आणि प्रमाणपत्र यांतले तेथे काही नाही. मार्जिनालची गाणी बसमध्ये गाऊन अनेक मुलांनी पोट भरले आहे, आणि बँडने त्यावर हक्क सांगितला नाही. त्यांतील एक गाणे मार्सिना या कामगार तरुणीवर आहे. पूर्व जावामधील घड्याळांच्या कारखान्यात पगारवाढीसाठी लढणाऱ्या मार्सिनाचा १९९३ मध्ये छळ करून खून झाला. शाळा सोडलेल्या कितीतरी मुलांना तिचे नाव या गाण्यातून कळले असणार. (नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने तिला राष्ट्रीय वीर घोषित केले, आणि त्याच यादीत सुहार्तो यांचेही नाव होते. यावर अधिक काही लिहिण्याची आवश्यकता नाही.)

पंक चळवळीच्या आतूनच या मुलांवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मला बाहेरच्यांच्या टीकेपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. बांडुंगसारख्या शहरांत स्वतःची रेकॉर्ड लेबले, छोटी नियतकालिके आणि कपड्यांची दुकाने चालवणाऱ्या पंक मंडळींपैकी काही जण म्हणतात की, सिग्नलवरच्या मुलांना ना संगीताचा इतिहास ठाऊक, ना अराजकवादी विचार. त्यांनी केवळ पोशाख उचलला असून ते भीक मागतात आणि सर्वांचे नाव खराब करतात. ‘सगळे स्वतः करा’ हे पंकचे तत्त्व ज्यांनी वाचून स्वीकारले, त्यांनी ते गरजेपोटी आधीपासून जगणाऱ्यांना खोटे ठरवावे, हे मला अजिबात पटत नाही. ज्याने कधी मूळ ध्वनिमुद्रिका ऐकली नाही, पण दिवसभराची कमाई टोळीच्या भातासाठी खाली ठेवली, त्याला पंक म्हणवून घेण्याचा अधिकार मी अधिक मानतो. अर्थात दोन्ही गटांमध्ये भिंत उभी आहे असेही नाही. सार्वजनिक जागी फुकट अन्न वाटणारे आणि वापरलेले कपडे, पुस्तके विनामूल्य देणारे बाजार अनेक शहरांत भरतात, आणि तेथे दोन्ही प्रकारची मुले एकत्र दिसतात.

या जीवनाचे गोडवे गाणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. स्वस्त दारू, गोळ्या आणि सोल्यूशन हुंगणे यांनी कितीतरी मुलांचे शरीर विशीच्या आत पोखरले आहे. टोळ्यांमध्ये मारामाऱ्या होतात, बसमधले गाणे कधीकधी उघड दमदाटीत बदलते, आणि प्रवाशांची तक्रार प्रत्येक वेळी वर्गीय तिरस्कारातून येते असे म्हणता येत नाही. मुलींची स्थिती तर दुहेरी कठीण आहे. घरातील बंधनांतून किंवा मारहाणीतून सुटून आलेल्या मुलीला रस्त्यावर पोलिसांइतकीच स्वतःच्या टोळीतील मुलग्यांचीही भीती बाळगावी लागू शकते. योग्याकार्तासारख्या शहरात पंक स्त्रियांनी स्वतःचे वेगळे गट उभारले, ते याच अनुभवातून. तरीही हे सर्व मान्य करून मी विचारतो की, या मुलांसाठी दुसरा खुला दरवाजा कोणता होता? जकार्ताच्या २००७ च्या सार्वजनिक सुव्यवस्था नियमाने रस्त्यावर गाऊन पैसे मिळवणे आणि त्या गायकांना पैसे देणे या दोन्ही गोष्टींना बंदी केली. म्हणजे ज्याच्याकडे उपजीविकेचे एकच प्रामाणिक साधन होते, तेच साधन नियमाने गुन्हा ठरवले, आणि मग पालिकेच्या पथकांना धरपकडीसाठी निमित्त मिळाले.

या धरपकडीचे सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण सुमात्राच्या उत्तर टोकावरील, इस्लामी कायदा लागू असलेल्या आचे प्रांतातील आहे. १० डिसेंबर २०११ रोजी बांदा आचे येथे अनाथ मुलांच्या मदतीसाठी भरवलेल्या पंक कार्यक्रमावर पोलिसांनी छापा घातला आणि साठहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. त्यांच्यावर कोणताही गुन्हा दाखल झाला नाही. त्यांना सुलावा येथील पोलीस प्रशिक्षण केंद्रात नेऊन मुलग्यांची डोकी भादरली, मुलींचे केस कापले, साखळ्या व कड्या काढून घेतल्या, तळ्यात उतरवून ‘शुद्ध’ केले, नवे कपडे आणि दात घासायचे ब्रश दिले आणि कवायत व प्रार्थना यांचे दहा दिवसांचे शिबिर घेतले. अधिकाऱ्यांच्या मते ही शिक्षा नव्हती, सुधारणा होती. आचे हा प्रांत २००४ च्या त्सुनामीत उद्ध्वस्त झाला होता आणि दीर्घ सशस्त्र संघर्षातून २००५ मध्येच बाहेर पडला होता. घर गमावलेल्या मुलांची तेथे कमतरता नव्हती. त्या मुलांना सरकारने दहा दिवसांनी परत कोठे पाठवले? ज्या घरांतून ती निघाली होती, किंवा जी घरे उरलीच नव्हती, तेथे. लंडन, मॉस्को आणि सॅन फ्रान्सिस्को येथे पंक मंडळींनी इंडोनेशियाच्या वकिलातींसमोर निदर्शने केली, आणि सुटून आलेल्या मुलांपैकी अनेक जण पुन्हा आपल्या टोळीत गेले. पुढे १ मे २०१९ रोजी बांडुंगमध्ये काळे कपडे घालून कामगार दिनाच्या मोर्चात आलेल्या सहाशेहून अधिक जणांना पोलिसांनी पकडले, आणि तेव्हाही अनेकांचे सदरे उतरवून डोकी भादरण्यात आली. आचेमध्ये निदान धर्माचे कारण पुढे केले होते. येथे तेही नव्हते.

धर्माचा विषय निघालाच आहे, तर जकार्ताजवळच्या चिपुतात भागातील तसव्वुफ अंडरग्राउंड या उपक्रमाची नोंद घ्यायला हवी. एका सूफी शिक्षकाने पंक मुलांना पुलाखाली आणि फूटपाथवर जाऊन कुराण शिकवायला सुरुवात केली, आणि गोंदण असलेल्या मुलांना मशिदीच्या दारातून परत पाठवणाऱ्या समाजात हे पाऊल लहान नव्हते. यातून मुलांना पंक जीवनापासून दूर नेण्याचा हेतू दिसतो, त्यामुळे माझ्या मनात किंतु आहे. पण येथे मुलांना दांडक्याने गोळा केले जात नाही, आणि हा फरक मला निर्णायक वाटतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस आणि पंक यांच्यातला हा प्रश्न पुन्हा वर आला. मध्य जावातील पुरबालिंगा येथील सुकातानी या पंक जोडीने पोलिसांच्या लाचखोरीवर गाणे केले होते. दोघे मुखवटे घालून गातात आणि कार्यक्रमात श्रोत्यांना भाज्या वाटतात. अचानक एका चित्रफितीत ते मुखवट्याविना, खऱ्या नावांनिशी, पोलिसांची माफी मागताना दिसले आणि गाणे मागे घेतल्याचे त्यांनी जाहीर केले. चेहरा उघडा करणे ही केस भादरण्याचीच नवी आवृत्ती होती. गायिका एका इस्लामी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिची ती नोकरीही गेली, शाळेने त्याचे कारण वेगळे दिले. परंतु त्याच आठवड्यांत देशभर सुरू असलेल्या विद्यार्थी आंदोलनांत हजारो तोंडांनी तेच गाणे म्हटले. मग राष्ट्रीय पोलीसप्रमुखांनी सूर बदलला आणि या जोडीने पोलीस सुधारणेचे दूत व्हावे असा प्रस्ताव मांडला. सुकातानीने मार्चमध्ये निवेदन काढून तो नाकारला, आणि जुलै २०२४ पासून आपल्यावर दबाव येत होता, हेही त्याच निवेदनात सांगितले.