हाडाची तलवार आणि मातीची नाणी

रविवारी भाचा आमच्या डार्क सनच्या खेळासाठी पात्र बनवायला बसला आणि पहिल्याच मिनिटाला अडला. "मावशी, या जगात देवच नाहीत म्हणतेस, मग क्लेरिक पूजा कुणाची करतो?"

म्हटलं, "पाण्याची कर."

त्याला वाटलं चेष्टा करतेय. पण डार्क सनमध्ये खरंच तसं आहे. देव नाहीत. क्लेरिक, म्हणजे खेळातला पुजारी, पृथ्वी, वायू, अग्नी आणि जल यांतलं एक तत्त्व निवडतो. आणि ज्या वाळवंटात उन्हात चालणाऱ्या माणसाला दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी लागतं आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, ते मोजतो, तिथं पाण्याचा क्लेरिक म्हणजे काय चीज असते ते दुसऱ्या दिवशीच कळतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डार्क सन हे टीएसआर या कंपनीनं १९९१ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स या, प्रत्येकानं एक पात्र घेऊन फासे टाकत खेळायच्या, भूमिका-खेळासाठी काढलेलं जग. टिमोथी ब्राउन आणि ट्रॉय डेनिंग यांनी लिहिलेलं, चित्रकार ब्रॉमनं रंगवलेलं. ब्रॉमची चित्रं आधी व्हायची आणि त्यातलं बरंच काही लेखक मागून मजकुरात बसवायचे. ते जाणवतं. जगाचं नाव अथास. तांबडा, विझत चाललेला सूर्य, धुळीचा समुद्र आणि सात नगरराज्यं. प्रत्येकावर शतकानुशतकं न मरणारा एकेक जादूगार-राजा.

मला हे जग आवडतं ते त्यातून काय काय काढून घेतलंय त्यासाठी. लोखंड जवळजवळ नाही. टायर नावाच्या शहराकडे खाण आहे, बाकीचे हाड, दगड, लाकूड नाहीतर ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काच, घेऊन लढतात आणि ते हत्यार ऐन लढाईत मोडू शकतं. नाणी भाजलेल्या मातीची. एका नाण्याचे दहा तुकडे होतात आणि ते तुकडेही चलनात चालतात. धातूच्या वस्तूची किंमत खेळाच्या नेहमीच्या नियमपुस्तकातली, बाकी सगळं त्याच पुस्तकातल्या किमतीच्या एक टक्क्यात. इतर मोहिमांत जादूच्या तलवारी आम्ही पिशवीत कोंबून विसरतो. इथं एकदा एका थडग्यात साधा पोलादी सुरा सापडला. तो कुणी ठेवायचा यावर पाऊण तास वाद झाला, शेवटी फासे टाकून निकाल लावला. ज्याला मिळाला त्यानं तो पुढची चार सत्रं वापरला नाही. मोडला तर?

डंजन्स अँड ड्रॅगन्समधल्या नेहमीच्या जमातीही ओळखू येत नाहीत. एल्फ म्हणजे वाळवंटात धावत फिरणाऱ्या टोळ्या, व्यापारात फसवणारे. कमरेएवढे हाफलिंग माणसांना खातात. बुटक्यांना, म्हणजे ड्वार्फना, दाढीच नाही, पण प्रत्येकाला एक ध्यास असतो, आणि तो पुरा व्हायच्या आत मेला तर बुटका भूत होऊन भटकतो. एवढ्या एका नियमावर मी अख्खं सत्र चालवलंय.

पण खरा जीव जादूत आहे. अथासवर जादूची ताकद झाडापाल्यातून, जमिनीतून येते. प्रिझर्व्हर प्रकारचा जादूगार ती सांभाळून घेतो. डिफायलर ओरबाडतो, त्याच्याभोवती राख पडते, आणि नियमच असे की डिफायलरची पातळी लवकर वाढते. वाळवंट झालंय ते यामुळेच. म्हणून लोक जादूगार दिसला की जीवावर उठतात आणि जादूगार आपली मंत्रांची वही लपवतात, उदाहरणार्थ गाठी मारलेल्या दोरीत.

आमच्या गटातल्या एकानं डिफायलर घेतला होता आणि बाकीच्यांना पत्ता नव्हता, फक्त मला ठाऊक. गुलाम पकडणारे मागे लागले, सगळे एका पाणथळीवर लपले. तिथं एक टोळी राहायची, फळांची पाच-सहा झाडं राखून. मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर हिरव्या स्केचपेननं ती काढली होती. पाठलाग करणारे पोहोचले, यानं मंत्र टाकला, ते सगळे गाढ झोपले. गट ओरडला, टाळ्या. मी काही न बोलता काळं स्केचपेन घेतलं आणि त्याच्याभोवती एक गोल भरायला लागले. झाडं गेली. मग गवत. पेन कागदावर घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

"पण मी तुम्हाला वाचवलं ना?" तो म्हणाला. कुणी उत्तर दिलं नाही.

कुणी म्हणेल, माहेर लातूरचं म्हणून हिला असलं आवडतं. असेलही. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पण पुण्यात वाढलेली मंडळीही त्या दिवशी गप्पच बसली होती.

दोष आहेतच. स्वतंत्रपणे छापलेल्या पहिल्याच साहसात टायरचा राजा कालाक मरतो, पण मारतात कादंबरीतली पात्रं आणि खेळाडू बहुतांशी बघ्याच्या भूमिकेत. पुढं कादंबऱ्यांत आणखी राजे गेले आणि १९९५ च्या सुधारित संचात जगाच्या इतिहासाची सगळी कोडी सोडवून टाकली. मी तो संच वापरत नाही, पहिलाच बरा. आणि गुलामगिरी. ती या जगात जागोजागी आहे आणि ती शोभेची वस्तू म्हणून वापरणारे डीएम मी पाहिलेत. माझ्या टेबलावर गुलाम विकत घेता येत नाही, सोडवता येतो. ज्यांना तेवढंही नको असेल त्यांनी आधी सांगावं, आपण दुसरं काही खेळू.

नवीन येणाऱ्यांसाठी: पात्रं तिसऱ्या पातळीपासून सुरू होतात, ताकद, बुद्धी वगैरेंचे गुण एरवीपेक्षा जास्त, वीसपर्यंत जाऊ शकतात, त्यामुळे पहिल्या दिवशी आपण फार भारी असल्यासारखं वाटेल. फसू नका, इथं पात्रं मरतात. १९९१ च्या नियमाप्रमाणे प्रत्येकानं एक नाही, चार पात्रं करून आणायची. भाच्यानं एकच केलंय, पाण्याचा क्लेरिक, आणि त्याला नाव ठेवायलाच दोन दिवस घेतले. उरलेल्या तिघांसाठी कोरे कागद मी दप्तरात टाकून ठेवलेत.