मॅग्नम, जेसिकाबाई आणि तुमचं अमूल्य मत

हवाई बेटांवरचा खासगी डिटेक्टिव्ह थॉमस मॅग्नम आणि मेन राज्यातली रहस्यकथा-लेखिका जेसिका फ्लेचर ही दोन अमेरिकन टीव्ही मालिकांमधली पात्रं. १९८६ साली ती दोन भागांच्या एका गोष्टीत एकत्र आली होती. त्यावर तुमचं अजून काहीच मत नसेल, तर ही उणीव आजच भरून काढा. पथ्य एकच पाळायचं: दोन्ही भाग सलग बघायचे नाहीत. पूर्ण पाहिलेल्या गोष्टीबद्दल माणूस उगाच चाचरत बोलतो. अर्धवट पाहिलं की आवाजाला धार येते.

अर्धवट पाहण्याची सोय तर सीबीएस वाहिनीनं स्वतःच करून ठेवली होती. पूर्वार्ध बुधवारी, १९ नोव्हेंबरला, त्याच्या 'मॅग्नम, पी.आय.' या मालिकेत. उत्तरार्ध रविवारी, २३ नोव्हेंबरला, तिच्या 'मर्डर, शी रोट'मध्ये. नुसता बुधवार पाहणाऱ्याला उलगडा कळला नाही आणि नुसता रविवार पाहणाऱ्याला हा मिशीवाला आधी काय करून बसलाय ते धड कळलं नाही. मत द्यायला दोघंही सारखेच लायक.

बोलताना या दोन भागांना 'पिक्चर'च म्हणा. जाहिराती वगळून दोन्ही जोडले की दीड तासाच्या आसपास ऐवज होतो, म्हणजे लांबीला पिक्चरच. शिवाय एकदा पिक्चर म्हटलं की 'पटकथा ढिली आहे', 'मध्यंतरानंतर पकड सुटते' अशी तयार वाक्यं वापरता येतात. मध्यंतर चार दिवसांचं होतं हे कुणाला सांगायची गरज नाही.

मग पक्ष निवडा. मॅग्नम म्हणजे टॉम सेलेक: फुलाफुलांचा शर्ट, लाल फेरारी (दुसऱ्याच्या मालकीची), व्हिएतनाम युद्धातून आलेला नौदलाचा माजी अधिकारी, आणि अडचणीत सापडला की आतला आवाज ऐकणारा. जेसिका म्हणजे अँजेला लॅन्सबरी: निवृत्त इंग्रजीची शिक्षिका, विधवा, गाडी चालवत नाही, आणि बोलता बोलता समोरच्याच्या तोंडून नको ते एक वाक्य बरोबर काढून घेते. दोघांपैकी एकाच्या बाजूला जाऊन बसा आणि तिथून हलू नका. दोघंही आवडतात असं चुकून म्हणालात तर तुमच्याकडे पुन्हा कुणी बघणार नाही.

मॅग्नमच्या पक्षाचं गाऱ्हाणं ठरलेलं आहे आणि, खरं सांगायचं तर, अगदीच निराधार नाही. तो राहतो त्याच इस्टेटवर उतरलेल्या पाहुण्या बायकांवर जीवघेणा हल्ला होतो, आणि तपासाला कोण येतं, तर विमानातून उतरलेली ही लेखिका. इस्टेटचा कारभारी हिगिन्स एरवी मॅग्नमला दारात उभं करत नाही, पण हिच्यापुढे विरघळतो. इथवर मॅग्नमनं गिळलं. पण उत्तरार्धात खुनाचा आळ मॅग्नमवरच येतो, तो गजाआड जातो आणि जेसिकाबाई त्याला निर्दोष ठरवतात. सात हंगाम गुन्हेगारांच्या मागे धावलेल्या गड्याची ही दशा!

इथे सावध राहा. नेमक्या याच जागी तुम्हाला एक समजूतदार विचार सुचण्याचा धोका आहे. 'मर्डर, शी रोट'चा साचाच असा, की जेसिकाच्या ओळखीतला एखादा भला माणूस विनाकारण पकडला जातो आणि ती त्याला सोडवते. तिचा भाचा ग्रेडी बिचारा याच कामासाठी जन्माला आला होता. पहिल्याच कथेत खुनाच्या संशयावरून आत गेला आणि पुढेही पुन्हा पुन्हा अडकत राहिला. रविवारी मॅग्नम जेसिकाच्या घरात आला तेव्हा त्याला मोकळी असलेली एकच खुर्ची मिळाली, ती ग्रेडीची. आणि बुधवारी जेसिका त्याच्या घरी आली तेव्हा तिच्या वाट्याला आली 'इस्टेटवर येऊन मॅग्नमला ताप देणारी बडी पाहुणी' ही भूमिका. ती तर त्या मालिकेत दर दोन आठवड्यांनी कुणी ना कुणी करतच असायचं. दुसऱ्याच्या पंगतीत बसलं की वाढपी जे वाढेल ते पानात घ्यावं लागतं, मग तुम्ही घरी कितीही मोठे सुगरण असा. दोघांचा सामना झालाच नाही. एकदा तिनं याच्या घरचे नियम पाळले, एकदा यानं तिच्या.

हे असलं काही चारचौघांत बोलू नका. त्यामुळे 'मोठं कोण' हा वादच संपतो, आणि वाद संपला तर संध्याकाळी करायचं काय?

त्यापेक्षा वास्तवाचा मुद्दा काढा, तो कधी शिळा होत नाही. जेसिकाच्या कॅबट कोव्हसारख्या एवढ्याशा गावात इतके खून कसे होतात, आणि जेसिका जाईल तिथे प्रेत कसं हजर असतं, हे तुम्हालाच पहिल्यांदा सुचल्यासारखं विचारा. लॅन्सबरीबाई बारा हंगाम ही भूमिका करत होत्या, म्हणजे हा प्रश्न किमान तितकाच जुना आहे. त्यानं बिचकू नका. दिवसाढवळ्या गोळीबार होऊनही होनोलुलूचे पोलीस फेरारीवाल्याला आत का टाकत नाहीत, हे मात्र विचारू नका. तो पुरुषी रोमांच आहे, त्याला वास्तवाची अट नसते. आणि अस्सलपणाचं कौतुक करायचं झालं तर कॅबट कोव्हचं करा. काय ते मेनचं बंदर, काय ती थंड हवा! ते कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनोत, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला चित्रित व्हायचं. हवाई खरोखरचं हवाई होतं, त्यामुळे त्याचं कौतुक करण्यात काही कसब नाही.

अभ्यासू दिसायचं असेल तर रॉबिन मास्टर्सचा विषय काढा. इस्टेटचा हा मालक लोकप्रिय कादंबरीकार. त्याचा चेहरा मालिकेत कधी दिसत नाही, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्याला आवाज होता नामवंत दिग्दर्शक-अभिनेते ऑर्सन वेल्स यांचा. वेल्स ऑक्टोबर १९८५ मध्ये वारले. त्यामुळे एक लेखिका एका लेखकाच्या घरी येते आणि यजमानाचा पत्ता नाही, असा प्रसंग आला. हिगिन्स हाच मास्टर्स असावा, ही मॅग्नमची जुनी शंका. तेव्हा 'जेसिकानं ते ओळखायला हवं होतं' असं हळूच म्हणा आणि चहा घ्यायला उठा.

ही भेट मुळात का घडवली, या प्रश्नाला 'कथेची गरज' असं उत्तर द्यावं. नोव्हेंबर हा अमेरिकेत प्रेक्षक मोजण्याचा खास महिना आणि त्या आकड्यांवर स्थानिक केंद्रं जाहिरातींचे दर ठरवतात, असल्या कोरड्या गोष्टींत पडू नये. दोन्ही मालिका एकाच वाहिनीवर होत्या आणि एकाच युनिव्हर्सल स्टुडिओत बनत होत्या, हा योगायोग समजावा. दुसऱ्या वाहिनीवरच्या, गुरुवारच्या 'कॉस्बी शो'नं मॅग्नमचे प्रेक्षक पळवले होते, म्हणून त्याला त्याच हंगामात बुधवारी हलवलं होतं, तर जेसिका तेव्हा पहिल्या दहांत आरामात बसली होती. कुणाला कुणाच्या प्रेक्षकांची गरज होती हे यावरून कळतं. अर्थात कलेच्या चर्चेत हिशेब आणणारे लोक मला स्वतःलाही आवडत नाहीत. पण एक सांगून ठेवतो: जेसिकाबाईंनी एवढ्या कष्टानं सोडवलेल्या मॅग्नमला त्याच हंगामाच्या अखेरीस लेखकांनी स्वर्गाच्या वाटेला लावलं. मग मालिकेला आणखी एक हंगाम मिळाला, तेव्हा घाईघाईनं परत बोलावलं.

आता राहिला शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग, नव्या पिढीला नावं ठेवणे. २०१८ साली 'मॅग्नम' नव्यानं आला. नव्या मॅग्नमला ती मिशी नाही, एवढ्यावर निम्मा वेळ निघतो. उरलेला वेळ हिगिन्सला द्या. नव्या मालिकेत हिगिन्स बाई आहे आणि ते काम पर्डिटा वीक्स या ब्रिटनच्याच अभिनेत्रीनं केलं. जुना हिगिन्स जॉन हिलरमननं केला, आणि तो टेक्सासचा. तेव्हा मान हलवत म्हणा, हिचे इंग्रजी उच्चार काही तितके अस्सल वाटत नाहीत बुवा.