आधी लगीन अँटेनाचं

फ्लॅटमध्ये राहून हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेखातर हवेवर बोलण्याचा, नाद लावून घेणाऱ्याची अडचण पैशांची नसते, परवान्याचीही नसते. ती भूमितीची असते. ७.१ मेगाहर्ट्झला, म्हणजे ४० मीटर बँडवर, साध्या डायपोलला, म्हणजे मधोमध तोडून केबल जोडलेल्या अँटेनाला, तरंगाच्या निम्मी, २० मीटर तार लागते. बाल्कनी असते ३ मीटर. त्यातली निम्मी वॉशिंग मशीनने बळकावलेली, उरलेल्या निम्म्यात तुळस आणि कपड्यांचा स्टँड. ही वजाबाकी रेडिओच्या कॅटलॉगात कुणी छापत नाही. त्यामुळे गडी परीक्षा पास होतो, व्हीयूथ्रीने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हवेवरची ओळख, हाती पडतं, आणि तो तडक १०० वॉटचा रेडिओ आणून टेबलावर मांडतो. मग रोज रात्री हेडफोन लावून ऐकतो काय? तर शेजाऱ्यांच्या एलईडी ट्यूबा.

माझं म्हणणं एवढंच: आधी लगीन अँटेनाचं, मग रेडिओचं. आणि साखरपुड्याच्याही आधी घरातला गोंगाट मोजायचा.

त्यासाठी सिंगल साइडबँड (हॅम मंडळी बोलायला वापरतात ती पद्धत) पकडणारा, बॅटरीवर चालणारा एखादा छोटा रिसीव्हर पुरतो. टेकसन पीएल-३३० सारखा. तो ७.१ च्या आसपास लावा आणि घराचा मेन स्विच पाडा. (घरच्यांना सांगून. ऐन मालिकेच्या वेळेला पाडलात तर गोंगाट कमी न होता वाढतो.) खरखर एकदम बसली तर भामटा घरातच आहे. मग एकेक एमसीबी वर करायचा, त्यानंतर एकेक प्लग. सापडतो तो बहुधा स्वस्तातला चार्जर, राउटरचा अडॅप्टर किंवा दिव्याचा ड्रायव्हर. ही सगळी स्विचिंगवर, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करत चालणारी मंडळी, आणि आतला फिल्टर बनवणाऱ्याने काटकसरीत खाल्लेला. अडॅप्टर बदला, नाहीतर त्याची वायर गोंगाट अडवणाऱ्या, ३१ नंबर मिश्रणाच्या फेराइट कड्यातून सात-आठ वेढे देऊन घ्या. खरखर अधूनमधून येऊन दहा-वीस सेकंदांत जात असेल, तर ती लिफ्टच्या मोटरची ड्राइव्ह. तिच्यावर आपला इलाज नाही. फायदा म्हणाल तर कोण किती वाजता घरी आलं ते कळतं.

आता गच्ची. गच्ची मिळाली तर दुसरा विचारच करू नका. सेक्रेटरींना अर्ज द्यायचा, सोबत परवान्याची प्रत, आणि अर्जात ‘अँटेना’ हा शब्द एकदाच लिहून ‘बारीक तार’ हा शब्द चारदा लिहायचा. तरीही प्रश्न येतोच, “म्हणजे टॉवर उभारणार का हो तुम्ही?” नाही काका, दीड मिलिमीटर जाडीची तार, पाण्याच्या टाकीपासून पलीकडच्या कठड्यावरच्या पाइपापर्यंत.

ही एंड-फेड हाफवेव्ह, म्हणजे टोकाला केबल जोडलेली अर्ध्या तरंगाची अँटेना. तार तीच २० मीटर, पण मधोमध न तोडता एका टोकाला फीड करायची. टोकाला इम्पीडन्स (रेडिओच्या प्रवाहाला होणारा विरोध) अडीच हजार ओहमच्या घरात असतो आणि आपली केबल ५० ओहमची, म्हणून मध्ये ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर. एफटी२४०-४३ या फेराइट कड्यावर प्रायमरीचे (केबलकडचे) २ वेढे, सेकंडरीचे (तारेकडचे) १४. प्रायमरीला समांतर १०० पिकोफॅरडचा हाय-व्होल्टेज कपॅसिटर. त्याच तारेवर ४०, २०, १५ आणि १० मीटर असे चार बँड चालतात. तार आधी २१ मीटर ताणा आणि नॅनोव्हीएनए या अँटेना तपासायच्या छोट्या यंत्रावर बघत कापत या. ७ मेगाहर्ट्झला १० सेंटिमीटर कापलं की रेझोनन्स, म्हणजे तार जिथे सुरात येते ती फ्रिक्वेन्सी, साधारण ३५ किलोहर्ट्झ वर सरकतो. एकदम अर्धा मीटर उडवणारे वीरही आहेत. ते मग सोल्डरचे डाग दिलेल्या तुकड्यांची तार वापरतात.

केबलवर चोक हवाच, जाळीच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवायला: आरजी-५८ केबलचे दहा-बारा वेढे, एफटी२४०-३१ वर. पण तो ट्रान्सफॉर्मरला चिकटवू नका, दोनेक मीटर सोडून बसवा. तेवढी केबल काउंटरपॉइज, म्हणजे तारेची दुसरी बाजू, म्हणून कामी येते. चोक नसेल तर केबलची बाहेरची जाळी स्वतःच अँटेना होते, घरभरातला कचरा गोळा करून रेडिओत आणून ओतते, आणि बोलताना मायक्रोफोन ओठांना चटका देतो तो वेगळाच. पावसाळ्यात ढग गडगडण्याआधी केबल काढून खिडकीबाहेर ठेवायची. यात विनोद नाही.

गच्ची नाहीच मिळाली तर मॅग्नेटिक लूप. एक मीटर व्यासाचं तांब्याच्या नळीचं कडं, वर ट्यूनिंगचा व्हेरिएबल कपॅसिटर, खाली २० सेंटिमीटरचं छोटं कपलिंग लूप. २० मीटर बँडवर हे निम्मी शक्ती तरी हवेत सोडतं. ४० वर मात्र १० वॉटमधला जेमतेम एक वॉट बाहेर पडतो, बाकीचा कडं कोमट करण्यात जातो. बँडविड्थ, म्हणजे एका ट्यूनिंगवर चालणारा पट्टा, अगदी अरुंद. फ्रिक्वेन्सी जरा हलवली की उठा, बाल्कनीत जा, नॉब फिरवा. हात काढला की ट्यूनिंग पुन्हा सरकतं, कारण तुमचा हातसुद्धा कपॅसिटरच आहे. त्यावर उपाय म्हणजे नॉबला फूटभर पीव्हीसीची दांडी. लूप ग्रिलपासून मीटरभर लांब ठेवा, आणि प्रसारण चालू असताना कपॅसिटरला हात लावू नका: १० वॉटलाही तिथे हजाराहून जास्त व्होल्ट असतात. कडं कपडे वाळत घालायला सोयीचं दिसतं हे खरं, तेवढं घरात आधीच सांगून ठेवावं. गुण एक मोठा: लूपची चपटी बाजू गोंगाटाच्या दिशेला केली की तो बराच दबतो.

रेडिओचं आता दोन वाक्यांत उरकतं, आणि लोक नेमके त्यावरच वर्षभर वाद घालतात. १० वॉटचे १०० केले की १० डेसिबल मिळतात, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर दोन एस-युनिट, म्हणजे दोन खुणासुद्धा नाहीत, त्याबदल्यात १३.८ व्होल्टला वीसच्या वर अँपिअर देणारा सप्लाय घ्यावा लागतो आणि कुणाच्या तरी स्पीकरमधून तुमचा आवाज येऊ लागतो. फ्लॅटसाठी मला २० वॉटचा शिएगू जी-९० पुरेसा वाटतो; अँटेना जुळवून घेणारा ट्यूनर आतच असतो, १० अँपिअरच्या सप्लायवर भागतं. हात सोल्डरिंगला शिवशिवत असतील तर हैदराबादच्या अशर फरहान यांनी रचलेला मायक्रो-बिटेक्स हा रेडिओ आहे, खालच्या बँडांवर साधारण १० वॉट. आयकॉम ७३०० या रेडिओचा वॉटरफॉल, म्हणजे पडद्यावर वाहणारं सिग्नलचं चित्र, देखणा आहे, पण अँटेना धड नसेल तर त्यात गोंगाटच रंगीत दिसतो.

आवाजाने निभाव लागत नसेल तर एफटीएट (FT8) करा, म्हणजे संगणकाकरवी छोटे संदेश पाठवा. १४.०७४ मेगाहर्ट्झ, १५-१५ सेकंदांच्या पाळ्या, संगणकाचं घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर. १९९३ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या जो टेलर यांनी सहकाऱ्यासोबत २०१७ मध्ये हे आणलं. अर्ध्या शक्तीवरच चालवा. सलग प्रसारणाने रेडिओ तापतो.

आणि लॉगबुक, म्हणजे कधी हवेवर होतो त्याची वही, मिनिटासकट लिहा. तार दिसायला लागली की इमारतीतला प्रत्येक बिघाड तुमच्या खात्यावर जमा होतो: टीव्हीची केबल गेली तुमच्यामुळे, लिफ्ट अडकली तुमच्यामुळे, तिसऱ्या मजल्यावर दूध नासलं तेही बहुधा तुमच्यामुळेच. चोर सोडून संन्याशाला फाशी. “काका, काल साडेनऊला मी हवेवर नव्हतोच,” असं वही उघडून दाखवता आलं पाहिजे. तुम्ही बोलताना त्यांच्या दाराची बेल खरंच वाजत असेल, तर मात्र शक्ती कमी करा आणि बेलच्या वायरवर फेराइट स्वखर्चाने बसवून द्या. दोन आणण्याऐवजी सहा आणा. एकाला बसवून दिलं की वरच्या मजल्यावरून मागणी येतेच.