जपानची कीव करण्याची शास्त्रोक्त पद्धत

भारताने जपानला मागे टाकले, किंवा टाकणार आहे, किंवा टाकल्यातच जमा आहे, हे वृत्त एव्हाना आपल्या कानी आलेच असेल. मे २०२५ मध्ये नीती आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आकड्यांचा हवाला देऊन आपली अर्थव्यवस्था जगात चौथ्या क्रमांकाची झाल्याचे सांगून टाकले. ते आकडे म्हणजे चालू वर्षाचे अंदाज होते, अशी कुरकुर काही अर्थतज्ज्ञांनी केली. पण वरात दारात आलेली असताना मुहूर्ताची मिनिटे मोजणाऱ्यांकडे कोणी लक्ष देत नसते. पुढे गेलेल्याने मागे राहिलेल्याची कीव करावी, ही जगाची रीत आहे. आपल्याला तिची सवय नसल्यामुळे काही सूचना करणे आवश्यक वाटते.

सर्वप्रथम, हिशेब कायम डॉलरमध्ये मांडावा. २०१२ साली जपानची अर्थव्यवस्था सहा लाख कोटी डॉलरच्या वर होती आणि २०२४ मध्ये ती चार लाख कोटींच्या आसपास आली, एवढे सांगून एक दीर्घ सुस्कारा सोडावा. याच काळात तीच अर्थव्यवस्था येनमध्ये सुमारे ५०० लाख कोटींवरून ६०० लाख कोटींवर गेली आणि मधल्या मध्ये फक्त येन डॉलरला ८० वरून १५० वर घसरला, हा तपशील सांगण्याचे कारण नाही. जपानी माणूस तांदूळ येन मोजून विकत घेतो, ही त्याची खासगी बाब आहे. जर्मनीचा दाखला मात्र जपून द्यावा. जर्मनीने २०२३ मध्ये जपानला मागे टाकून तिसरा क्रमांक पटकावला, आणि त्याच वर्षी जर्मनीची स्वतःची अर्थव्यवस्था आकसली होती. स्वतः मागे सरकत असतानाही दुसऱ्याला मागे टाकता येते, हे एकदा श्रोत्यांच्या लक्षात आले की क्रमवारीवरची त्यांची श्रद्धा उडण्याचा धोका असतो.

भागाकार तर कटाक्षाने टाळावा. एकूण उत्पन्नाला लोकसंख्येने भागले की जपानी माणसाचे दरडोई उत्पन्न आपल्या सुमारे बारापट निघते आणि कीव करणाऱ्याचा आवाज उगाच खाली येतो. एखादा चिकित्सक गृहस्थ याहून पुढे जाऊन, १९९८ ते २०१९ या काळात काम करण्याच्या वयाच्या दर माणशी उत्पादनाची वाढ पाहिली तर जपान अमेरिकेच्या तोडीस तोड दिसतो, असे सांगू लागेल. म्हणजे खुंटले ते उत्पादन नव्हे, घटली ती काम करणारी माणसे. अशा गृहस्थास पुढच्या कार्यक्रमाचे निमंत्रण देऊ नये.

इतिहास मात्र सविस्तर सांगावा, कारण त्यात सांगण्यासारखे खरोखर आहे. डॉलर उतरवण्यासाठी पाच बड्या देशांनी केलेला १९८५ चा प्लाझा करार, त्यानंतर वधारलेला येन, त्यावर उतारा म्हणून स्वस्त केलेले कर्ज, आणि टोकियोतील राजवाड्याच्या आवाराची किंमत अख्ख्या कॅलिफोर्नियातील जमिनीहून जास्त भरते असे हिशेब लोक गंभीर चेहऱ्याने मांडत असत तो काळ. २९ डिसेंबर १९८९ रोजी तिकडच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला आणि ती पातळी पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. दरम्यान किमती आणि पगार दोन्ही जिथल्या तिथे थिजले. २०१६ साली ‘गारीगारी-कुन’ या बर्फाच्या कांडीची किंमत पंचवीस वर्षांनी प्रथमच वाढली, ६० येनची ७० येन झाली, तेव्हा कंपनीने दूरचित्रवाणीवर जाहिरात दिली. तिच्यात पदाधिकारी आणि कर्मचारी कंपनीच्या इमारतीसमोर रांगेत उभे राहतात आणि कमरेत वाकून क्षमा मागतात. दहा येन म्हणजे तेव्हाचे सहा-सात रुपये. आपल्याकडे दुधाचा भाव वाढतो तेव्हाही कोणीतरी वाकते, पण ते गिऱ्हाईक असते. हे दृश्य श्रोत्यांना हसवण्यासाठी वापरावे. तेवढी वर्षे किंमत न वाढवता कारखाना कसा चालला, असा प्रश्न कोणी विचारू नये म्हणून पुढचे वाक्य लगेच सुरू करावे.

येथे एक अडचण संभवते. जपानमध्ये खरोखरीच कीव करण्याजोगी माणसे आहेत आणि नवशिक्याचे लक्ष चुकून तिकडे जाऊ शकते. शेअर आणि जमिनीच्या भावांचा तो फुगा फुटल्यानंतर, साधारण १९९३ पासून पुढची दहा-बारा वर्षे, जी मुले पदवी घेऊन बाहेर पडली त्यांना तिकडे ‘रोजगाराच्या हिमयुगा’ची पिढी म्हणतात. जपानी कंपन्या नवे पदवीधर एकदाच, वसंत ऋतूत, घाऊक भरती करून घेत. ती गाडी ज्याची चुकली त्याची बहुधा कायमचीच चुकली. त्यातले कित्येक आज पन्नाशीच्या घरात असूनही तात्पुरत्या नोकरीवर आहेत. कायम नोकरांच्या नोकऱ्या वाचवायच्या तर कोणाला तरी दाराबाहेर ठेवणे भाग होते, आणि ते न बोलता बाहेर उभे राहिले. आजही तिकडच्या नोकरदारांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक अशा कच्च्या नोकरीत आहेत, आणि त्यांत बायका अधिक आहेत. परंतु या मंडळींना जागतिक क्रमवारीत रकाना नाही. शिवाय कंत्राटी नोकरीबद्दल हळहळताना श्रोत्यांमधला एखादा कंत्राटी प्राध्यापक नको तेव्हा मान डोलवू लागेल. म्हणून हा परिच्छेद भाषणातून गाळावा.

मुंबईत बोलताना मात्र विशेष सावधगिरी बाळगावी. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपानने ०.१ टक्का व्याजाने, पन्नास वर्षांच्या मुदतीने आणि पहिली पंधरा वर्षे परतफेडीला सवलत देऊन कर्ज देऊ केले. अटल सेतूला आणि कुलाब्यापासून भुयारातून धावणाऱ्या मेट्रोलाही त्यांचाच पैसा लागला. तेव्हा जपानचा ऱ्हास वर्णन करायला जाताना शक्यतो लोकलने जावे.

शेवटी लोकसंख्येचा विषय निघणारच. २०२४ मध्ये जपानमध्ये सात लाखांहूनही कमी मुले जन्मली, जननदर, म्हणजे दर बाईमागे होणारी सरासरी मुले, १.१५ वर आला, २०२३ च्या पाहणीत नव्वद लाख घरे रिकामी आढळली, हे आकडे खर्जात सांगावेत. परिणाम चांगला होतो. कोणी महाराष्ट्राचा जननदर विचारलाच, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार तो १.७ होता. जपानमध्ये हा दर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात होता, आणि तोवर त्यांचे दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या बरोबरीला येऊन पोहोचले होते. ते आधी श्रीमंत झाले आणि मग म्हातारे. आपण हा क्रम कसा लावणार, असे कोणी विचारण्याच्या आत अध्यक्षांनी आभारप्रदर्शन उरकून घ्यावे.